ओरडणारी डबी

दोस्तांनो, या आठवड्याची गोष्ट जरा अजब आहे. वैमानिक गाढ झोपलेला आणि त्याचं विमान त्याच्याशिवायच जमिनीवर उतरलेलं! थाप वाटली ना? पण खरी आहे.

डिसेंबर १९९७. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातून एक गृहस्थ आपलं छोटं विमान घेऊन एकटेच निघाले. पेशानं ते डॉक्टर. जायचं होतं त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावी. वर गेल्यावर त्यांनी विमान ऑटोपायलटच्या हवाली केलं. ऑटोपायलट म्हणजे ठरवून दिलेली दिशा आपोआप राखणारं यंत्र. बाहेर थंडी, आत हीटरची ऊब. गृहस्थांचा बसल्या जागी डोळा लागला. उतरायचं गाव मागं पडलं, राज्याची हद्द संपली, तरी विमान आपलं नाकासमोर चाललेलंच! शेवटी पेट्रोल संपलं, इंजिन बंद पडलं आणि विमान तरंगत तरंगत शेजारच्या मिसुरी राज्यातल्या एका शेतात जाऊन टेकलं. धडक बसली, पण गृहस्थ वाचले. जाग आल्यावर धडपडत जवळच्या घरापर्यंत गेले आणि त्यांनी मदत मागितली.

तुम्ही म्हणाल, आदल्या रात्री जागरण झालं असेल. तसं काही नव्हतं. त्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सापडला. विमानाच्या सायलेन्सरला चीर पडली होती. ज्या हीटरनं ऊब दिली, त्यानंच विषही दिलं. खाली सपाट शेत आलं म्हणून बरं. डोंगर आला असता तर?

विष शिरतं कुठून?

मोटारीच्या इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं. ते पाणी तापतं आणि त्याच्यावर मोटारीतला हीटर चालतो. छोट्या विमानांची बहुतेक इंजिनं मात्र वाऱ्यावरच थंड होतात, साध्या मोटारसायकलसारखी. तिथं गरम पाणीच नाही. मग ऊब आणायची कुठून? सायलेन्सरकडून!

सायलेन्सरभोवती पत्र्याचं एक आवरण बसवतात. बाहेरची गार हवा त्या आवरणात शिरते, तापलेल्या सायलेन्सरला घासून पुढे जाते आणि गरम होऊन नळीवाटे कॉकपिटमध्ये येते. युक्ती झकास आहे. फुकट जाणारी उष्णता कामी येते. पण नीट पाहा हं. सायलेन्सरच्या आत इंजिनाचा धूर आणि बाहेरून वाहणारी तुमच्या श्वासाची हवा. दोघांच्या मध्ये फक्त एक पत्रा!

त्या पत्र्याचे हाल काय विचारता? इंजिनातून निघताना धूर सातशे अंश सेल्सियसच्याही वर तापलेला असतो. बाहेरून आकाशातली गार हवा. त्यात इंजिनाची थरथर अखंड चालू. तापायचं, निवायचं, थरथरायचं, वर्षानुवर्षं हेच. एखाद्या दिवशी कुठंतरी बारीक चीर पडते आणि धूर थेट हीटरच्या हवेत मिसळतो.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, कारण इंजिनात पेट्रोल पूर्णपणे जळत नाही. इंधनातला कार्बन नीट जळला तर कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की काम अर्धवट राहतं आणि तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. स्वयंपाकाचा गॅस गळला तर आपल्याला वास येतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूत तसला वास मिसळायला कोण जाणार?

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या मोठ्या जेट विमानात बसताना मात्र ही धास्ती नको. तिथली हवा सायलेन्सरवर तापवलेली नसते. आपली गोष्ट आहे ती पुढं पंखा फिरणाऱ्या, दोन-चार माणसांच्या विमानांची. बारामतीला शिकाऊ वैमानिक उडवतात ना, त्या जातीच्या विमानांची.

रुमाल टाकून धरलेली जागा

हा वायू शरीरात जाऊन करतो काय? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार जागांची छोटीशी एसटी समजा. ही एसटी फुप्फुसाच्या स्टँडवर ऑक्सिजनचे चार प्रवासी घेते, मेंदू, हृदय, हात, पाय अशा थांब्यांवर त्यांना उतरवते आणि पुन्हा स्टँडवर परत येते. जन्मभर ही फेरी चालू.

आता या एसटीत कार्बन मोनॉक्साइड चढतो. हा प्रवासी म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा! ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट तो हिमोग्लोबिनला चिकटतो. एकदा बसला की थांबा आला तरी उतरायचं नाव नाही. एवढ्यावर भागत नाही. तो शेजारी बसलेल्या ऑक्सिजनलाही सहजासहजी उतरू देत नाही. गाडी भरलेली दिसते, पण थांब्यावर कुणीच उतरत नाही, आणि तिकडे मेंदू वाट पाहत बसतो.

विमानात आणखी एक अडचण असते. दहा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे ऑक्सिजन आधीच कमी, त्यात जागा अडवणारा हा पाहुणा.

डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, सुस्ती येते. पण खरा धोका पुढेच आहे. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू मंदावतो. आणि ‘काहीतरी बिघडलंय’ हे ओळखायचं काम कुणाचं? त्याच मेंदूचं! घरात चोर शिरला आणि त्यानं पहिल्यांदा राखणदारालाच गुंगीचं औषध पाजलं, तर ओरडणार कोण? वैमानिकाला वाटतं, थकवा आला असेल, सकाळी नीट खाल्लं नाही म्हणून डोकं दुखत असेल. आपले डॉक्टर गृहस्थ आठवा. या विषाबद्दल त्यांना कुणी शिकवायची गरज होती का? तरीही त्यांना ते कळलं नाही. इथं हुशारी कामाला येत नाही, कारण विष हुशारीवरच घाला घालतं.

सालाचं शेवटचं विमान

तुमच्यातल्या फुटबॉलवेड्यांना एमिलियानो साला हे नाव ठाऊक असेल. अर्जेंटिनाचा हा खेळाडू फ्रान्समधल्या नांत शहराच्या संघाकडून खेळायचा. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या कार्डिफ सिटी संघानं त्याला दीड कोटी पौंडांना करारबद्ध केलं. २१ जानेवारीच्या संध्याकाळी तो नांतहून एका छोट्या विमानानं कार्डिफला निघाला. विमानात तो आणि वैमानिक, दोघंच. गर्न्सी बेटाजवळ विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. साला फक्त अठ्ठावीस वर्षांचा होता.

समुद्राच्या तळाशी विमानाचे अवशेष आणि सालाचा मृतदेह सापडला. वैमानिक सापडलाच नाही. तपासणीत सालाच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेलं निघालं. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या बाबतीतही ५० टक्के म्हणजे जिवावर बेतणारं प्रमाण मानतात. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या विमान अपघात तपास विभागानं अहवाल दिला. त्या उड्डाणात इतरही गोष्टी चुकलेल्या होत्या. वैमानिकाला रात्री विमान चालवायची परवानगी नव्हती. पण अहवालात असंही म्हटलं होतं की, वैमानिकावरही बहुधा या वायूचा परिणाम झालेला असावा. आणि विमानात या वायूची हाक देऊन सूचना देणारं एकही यंत्र नव्हतं.

‘हाक देऊन’ हे शब्द लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीचं मर्म त्यांच्यातच आहे.

पिवळा पक्षी, ठिपका आणि डबी

या अदृश्य वायूला पकडायचं कसं, हा प्रश्न विमानांच्याही आधीचा आहे. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की तिथं कार्बन मोनॉक्साइड भरून राहायचा आणि स्फोटातून वाचलेले खाणकामगार या वायूनं मरायचे. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात याचा छडा लावला. गड्यानं स्वतः हा वायू हुंगून स्वतःवर प्रयोग केले! (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हेही मोठे शास्त्रज्ञ. ते १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

थोरल्या हॉल्डेननी सुचवलं की, खाणीत उतरताना उंदीर किंवा छोटे पक्षी बरोबर न्यावेत. पिवळी चिमुकली कॅनरी माणसापेक्षा खूप भरभर श्वास घेते. त्यामुळे विष तिला आधी चढतं. ती दांडीवरून पडली की समजायचं, आता बाहेर पळा. काही पिंजऱ्यांना तर ऑक्सिजनचं छोटं नळकांडं जोडलेलं असे. पक्षी पडला की पिंजऱ्याचं दार लावायचं, ऑक्सिजन सोडायचा आणि त्याला शुद्धीवर आणायचं. ब्रिटनमधल्या खाणींनी या पक्ष्यांना निरोप द्यायचं ठरवलं ते थेट १९८६ मध्ये!

विमानात पिंजरा कुठं टांगणार? म्हणून तिथं आलं ठिपक्याचं कार्ड. एका छोट्या कार्डावर रासायनिक लेप दिलेला गोल ठिपका असतो. पॅलेडियम नावाच्या धातूचे क्षार कार्बन मोनॉक्साइड लागला की काळे पडतात. तसला हा प्रकार. कार्ड वैमानिकासमोर चिकटवायचं. ठिपका काळवंडला की धोका. स्वस्त, हलकं, बॅटरी नको.

पण दोस्तांनो, या कार्डात एक मोठी खोट आहे. कोणती ते ओळखा बघू! एक तर ते फार दिवस टिकत नाही. पाकीट फोडल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलावं लागतं, आणि बदलायचं राहून जातं. पण मोठी खोट वेगळीच. ठिपका गप्प असतो. तो पाहायचं काम वैमानिकाचं, आणि वैमानिकाचा मेंदू आधीच पेंगुळलेला! म्हणजे राखणदार झोपला की नाही हे झोपलेल्या राखणदारालाच विचारण्यातला प्रकार.

म्हणून आता विद्युत-रासायनिक डबी वापरतात. ती साधारण काड्यापेटीहून थोडी मोठी असते. आत दोन विद्युतद्वारं आणि त्यांच्यामध्ये आम्लासारखा द्रव. कार्बन मोनॉक्साइड आत शिरला की पहिल्या विद्युतद्वारावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. इलेक्ट्रॉन धावले म्हणजे वीज वाहिली! वायू जितका जास्त, तितकी वीज जास्त. डबी ती वीज मोजते, पडद्यावर आकडा दाखवते आणि आकडा हद्दीबाहेर गेला की कर्कश ओरडते, दिवा लुकलुकवते. वैमानिकानं तिच्याकडे पाहायची वाट ती पाहत बसत नाही. कॅनरी दांडीवरून पडायची. ही डबी कानाशी बोंब मारते. मात्र तिच्यातला संवेदकही काही वर्षांनी थकतो, म्हणून त्याची मुदत पाहावी लागते.

हद्द केवढी? अमेरिकेच्या नियमात २०१७ पर्यंत छोट्या विमानाच्या केबिनसाठी सांगितलेलं होतं: हवेच्या वीस हजार भागांत एका भागापेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड नको. पाण्याचा वीस लिटरचा जार डोळ्यांसमोर आणा. त्यात एक मिलीलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब. एवढंसं!

ऑक्सिमीटर फसतो

काही हुशार मंडळी विचारतील, ‘करोनाच्या वेळी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणला होता. तो वैमानिकानं लावला तर?’ प्रश्न फार छान आहे. उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. तो ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून रक्ताच्या रंगावरून ऑक्सिजनचा अंदाज करतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच असतं. साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतो आणि ‘अठ्ठ्याण्णव, सगळं छान’ असं सांगून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक कामाला त्याचंच यंत्र हवं.

बेचाळीस माणसं

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९८२ ते २०२० या काळातले अपघात तपासून पाहिले. छोट्या विमानांचे ३१ अपघात कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे झालेले आढळले. त्यांपैकी २३ अपघातांत मिळून ४२ माणसं मृत्युमुखी पडली. या ३१ विमानांपैकी शोधक किती विमानांत होता? फक्त एकात. आणि तोही आवाज किंवा दिवा न देणारा! हे मंडळ २००४ पासून सांगत होतं की असे शोधक सक्तीचे करा. जानेवारी २०२२ मध्ये त्यानं पुन्हा तेच सांगितलं. ब्रिटननं १ जानेवारी २०२५ पासून पाऊल उचललं. तिथं पिस्टन इंजिनाच्या विमानातून, स्वतः वैमानिक नसलेला प्रवासी न्यायचा असेल, तर हाक देणारा शोधक बरोबर असायलाच हवा.

डबी ओरडली तर वैमानिकानं काय करायचं? हीटर ताबडतोब बंद. ताज्या हवेची झरोकी उघडी. ऑक्सिजन जवळ असेल तर तो लावायचा. नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. ‘आता बरं वाटतंय, पुढं जाऊ’ असं म्हणायचं नाही. का? तो रुमालवाला प्रवासी आठवा. स्वच्छ हवेत बसलं तरी रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला साधारण चार-पाच तास लागतात. दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेवढंच काम तास-दीड तासात होतं.

आई-बाबांनाही वाचून दाखवा

आपल्यापैकी फार थोड्यांकडे विमान असेल! पण हा वायू विमानाची वाट पाहत नाही. जिथं काही जळतं आणि हवा कोंडलेली असते, तिथं तो हजर. झरोका बंद केलेल्या बाथरूममधला गॅस गीझर, थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी. नियम तोच, गुंगी तीच आणि ‘काही नाही, जरा चक्कर आली’ हा फसवा समजही तोच.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली : गॅस गीझर चालू असताना बाहेरची हवा येत-जात राहिली पाहिजे. झरोक्यात कोंबलेला बोळा आजच काढा. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवला तर उत्तमच. दुसरी : बंद खोलीत काहीतरी जळत असताना घरातल्या दोघा-तिघांची डोकी एकदम दुखायला लागली, मळमळायला लागलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं. कारण नंतर शोधायचं आणि डॉक्टरांना ‘आम्ही कोंडलेल्या खोलीत होतो’ हे आवर्जून सांगायचं. आत कुणी अंघोळीला गेलं असेल आणि बराच वेळ ओ देत नसेल, तर संकोच न करता दार ठोठवा. ज्याला विष चढलंय, त्याला स्वतःला ते कळत नाही. त्याच्या वतीनं बाहेरच्या कुणीतरी ओरडायचं असतं.

आता तुमच्यासाठी गणित. समजा, एका छोट्या विमानाच्या केबिनमध्ये तीन हजार लिटर हवा मावते. वीस हजारांत एक भाग या हद्दीपर्यंत पोचायला तिथं किती मिलीलिटर कार्बन मोनॉक्साइड पुरेल? उत्तर काढा आणि तेवढं पाणी घरातल्या चहाच्या कपात मोजून ओता. मग आई-बाबांना तो कप दाखवा आणि बाथरूमचा झरोका बघायला त्यांना बरोबर घेऊन जा.